खडपावरचा हाकारा

आमच्या वाडीत मोबाईल चरायला नेत असत. पोलादपूरच्या स्टँडवर हे सांगितलं की लोक हसतात. हसणाऱ्यांतले निम्मे असे की ज्यांच्या स्वतःच्या म्हशी दुसऱ्याच्या बांधात चरतात.

आंबेनळीच्या घाटात ज्या वळणावर महाबळेश्वरला जाणारी मंडळी ओकायला थांबतात, तिथं मान वर केली तर डोक्यावर एक काळा कातळ दिसतो. ते वाघखडप. त्याच्या कुशीला आमची खडपाची वाडी. वाडीत रेंज नव्हती. होती ती खडपावर, आणि तीही मानी. उगवतीला तोंड करून उभं राहिलं तर यायची, शिंकलं की जायची. म्हणून भागूबाई सकाळी म्हशी सोडायला निघाली की घराघरांतल्या बाया आपापले मोबाईल आणून तिच्या पाटीत टाकायच्या. खाली म्हशी चरायच्या, वर खडपावर मोबाईल. दिवसभर पाटीत टुणूक टुणूक चालायचं. दिवस कलला की मेसेज खाऊन फुगलेले मोबाईल ज्याचे त्याला घरपोच. एकदा मोरूचा मोबाईल म्हशीनं चाटला तो थेट दुबईला लागला, आणि मोरू एका अरबाशी तासभर पावसापाण्याचं बोलला. असं मोरू सांगतो. मोरू खोटं बोलत नाही, त्याला तेवढी अक्कल नाही.

मग मुंबईच्या मंडळाला वाडीचा कळवळा आला. मंडळ म्हणजे वर्षभर मुंबईत साहेबांच्या शिव्या खाऊन पालखीला त्याच शिव्या गावात वाटायला येणारी आमचीच पोरं. त्यांचा चिटणीस सुधीर. तो ‘कॉम्प्युटरमधला’. म्हणजे घाटकोपरच्या एका हापिसात छपाईच्या मशीनमधली शाई बदलायचा. पण शाईच्या एवढ्या जवळ राहिल्यावर विद्या अंगाला लागतेच, असं आमच्या गावकीचं मत. सुधीरनं देवळाच्या शिखराशेजारी एक पांढरी ताटली बसवली, खाली पेटी लावली, आणि वाडीत इंटरनेट आलं.

“आता प्रत्येकाचं वेगळं खातं काढायचं,” सुधीर म्हणाला. “त्यात ज्याचे त्याचे फोटो, नंबर, सगळं राहतं.”

गावकीचा पुढारी महिपती. याला शिंक आली तरी आधी ठराव लागतो. तो म्हणाला, “वेगळं? वाडीत वेगळं काय हाय रे? देव एक, पानवठा एक, मेल्यावर न्यायची तिरडी एक. खातं पन एकच.”

“पण तात्या, असं करत नाहीत...”

“मुंबईत करत नसतील. हितं गावकी हाय.”

सुधीरनं मान हलवली. कॉम्प्युटरमधली माणसं मान फार छान हलवतात. वाडीतले सगळे मोबाईल त्यानं एकाच खात्याला जोडले. सगळ्या घरांच्या पेट्या उचलून एका खोलीत ठेवाव्या आणि खोलीला एक कुलूप लावावं, तसं. भागूबाईच्या सुनेचे, रखमाचे, शेणाच्या पाटीसकट काढलेले फोटो, मोरूच्या गळवाचे फोटो, पोरीबाळींचे फोटो, कोणाचा नंबर कोणाचा, सगळं त्या एका खोलीत. किल्ली म्हणून देवाचं नाव ठेवलं, पुढं एक-दोन-तीन.

इथवर जे झालं ते कुठल्याही मूर्खांच्या गावात होईल. पुढचं फक्त आमच्याकडेच होऊ शकतं.

वाडीत नवी वस्तू आली की तिचं गाऱ्हाणं देवाला घालायचं, आणि त्यात काही लपवायचं नाही, हा नेम. बैल घेतला तर त्याची खोडसुद्धा देवाला सांगतात. चैत्रात पालखी देवळापुढच्या सहाणेवर, तिच्या ओट्यावर, बसली. हैबती आमचा पुजारी. आवाज असा की खालच्या वाडीतली कोंबडी अंड्यावरून उठावी. त्यानं नारळ हातात घेतला. “बा भैरी म्हाराजा! तुज्या लेकरांनी आज इंटरनेट घेतलंय म्हाराजा! सगळ्यांचं खातं एक हाय म्हाराजा! त्याची चावी भैरी एक-दोन-तीन ठेवलीय म्हाराजा! तिला कुनाची नजर लागू नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी ओरडली.

सुधीर समोर मोबाईल धरून उभा. पालखी ‘लाईव्ह’ चालली होती. हजारभर लोकांनी बघितली, असं त्यानंच छाती फुगवून सांगितलं.

त्याच आठवड्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एक चिठ्ठी उगवली: खात्यात नव्या ठिकाणाहून कोणी शिरतंय, हे तुम्हीच का? वाडीनं ती वाचली आणि विचार केला, असंल कोण तरी आपलाच, पाव्हन्याला दारात कशाला उभा करा. मोरूनं ‘होय’वर बोट दाबलं. एकट्यानंच दाबलं असंही नाही. पण नाव मोरूचं घ्यायची पद्धत आहे.

*

भागूबाईच्या घरात बाप्या माणूस नाही. मुलगा सुनील मुंबईला कुरिअरच्या गाडीवर. घरात म्हातारी, सून रखमा आणि नात गौतमी. गौतमी महाडला कॉलेजात, पहिल्या वर्षाला, आणि पोलीस भरतीच्या मागे. अलिबागला मैदानात धावून दाखवायचं होतं. सुनीलनं मुंबईहून बूट पाठवले होते, हिरव्या तळव्याचे. उजाडायच्या सुमाराला पोरगी घाटरस्त्यानं खाली पळत जायची आणि वर पळत यायची. घाटातला ट्रकवाला तिला बघून गियर बदलायचा म्हणे, लाजेनं.

चैत्र-वैशाखात आमच्याकडे मरायला फुरसत नसते. राब भाजायचा असतो. रोपांसाठी भाताचा तरवा पेरायच्या वाफ्यावर आधी शेणाचा थर, वर ऐनाच्या फांद्या, वर वाळल्या पानांचा पातेरा, वर मातीची भुरभुर. मग वाऱ्याची दिशा बघून विस्तव. ऐनावर चढून फांद्या तोडायचं काम गौतमीचं, भारे बांधून उतारावरून आणायचं रखमाचं, आणि दोघींना शिव्या द्यायचं भागूबाईचं. पानवठा आटलेला. हंड्यात वाटीनं पाणी भरायचं, आणि वाटी खरवडली की तळातला दगड दिसायचा.

एका सकाळी गौतमी पळायला गेली नाही. दुसऱ्या सकाळी पण नाही. बूट कोनाड्यात उपडे. दिवसभर मात्र ती बैलासारखी राबली. एवढे भारे आणले की रखमा म्हणाली, “अगो, डोंगर बोडका करतीस काय?” पोरीनं कोयता घातला तो फांदीवर नाही, बोटावर. रक्त आलं. तिनं बोट पातेऱ्यात खुपसलं आणि दुसरी फांदी धरली.

भागूबाईनं हे बघितलं. म्हाताऱ्या माणसाला डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून ती इतर ठिकाणांहून बघते.

दुपारच्याला तिनं नातीला म्हशींमागं खडपावर नेलं. म्हणाली, “बस हितं. काय झालं गो?”

“काय नाय.”

“काय नाय असतं तर बोटाला चिंधी बांधली असतीस.”

गौतमीनं मोबाईल काढला. त्यावर एका नंबरवरून मेसेज आले होते. त्या नंबराला माणसाचं तोंड नव्हतं; गुलाबाचं फूल होतं आणि फुलावर बसलेलं निळं पाखरू. पाखराखाली एकामागून एक गौतमीचेच फोटो. घाटात पळतानाचा. अंगणात भात पाखडतानाचा. महाडजवळ सव गावच्या गरम कुंडावर आजीच्या गुडघ्यांसाठी गेल्या होत्या तेव्हाचा, ओल्या केसांनी हसतानाचा. तिनंच काढलेले, कोणालाच न पाठवलेले.

“म्हणतोय, व्हिडिओ कॉल कर आणि मी सांगीन तसं कर. नाय केलास तर तुजं तोंड दुसऱ्या अंगाला लावून सगळ्या वाडीला धाडतो. तुज्या बापाच्या कंपनीत धाडतो. भरतीवाल्यांना धाडतो.” गौतमीचा आवाज फुटला नाही, सपाट झाला. “मी काय केलं नाय गो आजे.”

“कोन हाय?”

“ठाऊक नाय.”

“दिसतो?”

“नाय.”

“त्याला आपन दिसतो?”

“सगळं दिसतं. घरात कोन हाय, कोन नाय, ते पन ठाऊक हाय. म्हनतो, तुज्या घरात बाप्या नाय, कोन येनार हाय तुज्यामागं?”

भागूबाईनं वाट सोडलेल्या म्हशीला काठीनं वळवलं. मग म्हणाली, “वाघरू हाय म्हंजे.”

“आजे, हे पोलिसांत सांगायचं असतं. कॉलेजात सांगितलेलं. मेसेज पुसायचे नायत, उत्तर द्यायचं नाय, आणि जाऊन तक्रार करायची. आई सोडल का मला?”

रखमानं सोडलं नाही. आधी तिनं पोरीला दोन धपाटे घातले, मग स्वतःच्या कपाळावर दोन. “पोलिसांत? सगळ्या तालुक्याला होईल! तुजं लगीन कोन करील?” मग तिला वाटलं, सुधीरला विचारावं, तो कॉम्प्युटरमधला, तो गुपचूप काहीतरी करील. तिनं सुधीरला फोन लावला.

सुधीरनं गुपचूप महिपतीला कळवलं. महिपतीनं दवंडी तेवढी पिटली नाही.

*

दुसऱ्या सकाळी सहाणेवर गावकी बसली. बाप्ये घोंगड्यावर, बाया खांबांमागे. मुंबईहून सुधीर मोबाईलमध्ये हजर होता. मोबाईल मोरूनं धरलेला, म्हणून सुधीरचं तोंड उलटं. आम्ही दोन तास त्याच्या हनुवटीला कपाळ समजून मान दिला.

महिपती उभा राहिला. धोतर नवं, टोपी नवी, थाट असा की दिल्लीहून याला विचारूनच पाऊस सोडतात. “वाडीची इज्जत धोक्यात हाय,” तो म्हणाला. “कारन काय? पोरींच्या हातात मोबाईल. आमच्या काळात पोरींच्या हातात काय असायचं?”

“शेन,” खांबामागून भागूबाई म्हणाली.

“वहिनी, मधी बोलू नका. तर गावकीनं ठरवलंय. सगळ्या पोरींचे मोबाईल देवळाच्या पेटीत जमा. घाटात पळायचं बंद. गुडघ्याच्या वर चड्डी घालून पोरगी पळनार, तर फोटो नाय काढनार तर काय आरती ओवाळनार?”

“तो फोटो मी काढलाय, तात्या,” गौतमी म्हणाली. “चोरून नेलाय दुसऱ्यानं. खातं एक केलं म्हनून नेता आला त्याला. आणि परवा मला अलिबागची तारीख मोबाईलवरच येनार हाय.”

“उलट बोलते बघा!” महिपती सगळ्यांकडे वळला. “हेच. हेच इंटरनेट.”

मग उपाय सुरू झाले. हैबतीनं ताटलीभोवती तांदळाची रेघ ओढली, नारळ फोडला, आणि लिंबू-मिरची घेऊन स्वतः शिखरावर चढला. ताटलीला लिंबू बांधल्यावर रेंज वाढली असं तिघांनी शपथेवर सांगितलं. त्यातल्या दोघांकडे मोबाईल नाहीत.

उलटा सुधीर म्हणाला, “मी आत्ताच्या आत्ता चावी बदलतो. टेन्शन घेऊ नका. जुनी गेली, नवी आली. झालं. आता तो आत येऊच शकत नाही.”

“काय ठेवलीस?” महिपतीनं विचारलं.

“चार-पाच-सहा.”

“वा!” गावकीनं माना डोलावल्या. एवढी विद्या वाडीत जन्माला आली म्हणून काहींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि हैबती, शिखरावरून उतरला तो, नेमाप्रमाणे दुसरा नारळ घेऊन उभा राहिला. “बा भैरी म्हाराजा! जुनी चावी चोरानं नेली म्हाराजा! आता तुज्या लेकरांनी भैरी चार-पाच-सहा ठेवलीय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मंडळाचे सगळे लोक लाईव्ह बघतायत,” सुधीरची हनुवटी अभिमानानं म्हणाली.

खांबामागे गौतमी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि ते हसणं ऐकून जवळच्या दोन बाया सरकल्या. महिपती पेटी घेऊन तिच्यापुढे आला. मोबाईल द्यायला तिनं हात पुढं केला तोच मोबाईल वाजला. तिनं वाचलं, आणि महिपतीपुढं धरला. पाखराखाली लिहिलं होतं: *चार-पाच-सहा. छान आहे. आज संध्याकाळपर्यंत वाट बघतो.*

महिपतीच्या कपाळावर घाम आला. एवढा घाम एवढ्याशा वाक्याला कशाला, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. “नाटकं करू नको!” म्हणून त्यानं मोबाईल हिसकला आणि पेटीत टाकला.

“अहो, पन मेसेज तर आलाय...” रखमा पहिल्यांदाच बोलली.

“पेटीला कुलूप घातलं की मेसेज पन आत,” महिपती म्हणाला. यावर टाळी पडली. खरोखर पडली.

घरी येऊन रखमानं बूट उचलले आणि माळ्यावर फेकले. गौतमी उंबऱ्यावर बसून राहिली. ना रडली, ना जेवली. दिवस उतरायला लागला तशी तिची नजर त्या माळ्याकडे वळायची आणि परत जमिनीला लागायची. संध्याकाळ झाली की फोटो येणार. आला की बाप मुंबईत मान खाली घालून फिरणार, अलिबागचं मैदान संपलं, आणि उरलेलं आयुष्य खांबामागं.

भागूबाईनं म्हशी बांधल्या, वैरण टाकली. मग तिनं शेणाचा हात धुतला, वाटीभर पाण्यानं, आणि काठी घेतली.

“कुठं जाता, आत्याबाई?” रखमानं विचारलं.

“वाघरू आलंय नव्हं? मग काय चूल फुंकीत बसू?”

*

वाघखडपाचा एक नेम आहे, आणि तो गावकीपेक्षा जुना. मागं एकानं आपल्या गोठ्यापाशी वाघरू बघितलं आणि गप्प राहिला. वाटलं, जाईल शेजाऱ्याकडे. ते गेलंच शेजाऱ्याकडे, आणि पोर उचललं. तेव्हापासून ठरलं: ज्याला दिसलं त्यानं खडपावरून हाकारा द्यायचा. ऐकलं त्यानं हातात असेल ते टाकून, डबे बडवत वर यायचं. आणि घराघरातल्या कर्त्यानं खडपावर पंजा टेकून सांगायचं, ‘पाह्यलं’ किंवा ‘नाय पाह्यलं’. बघून लपवलं तर त्या घरची तिरडी उचलायला कोणी येणार नाही.

दिवेलागणीला भागूबाई खडपावर उभी राहिली आणि ओरडली, “वाघरू आऽऽलंय होऽऽ!”

हा आवाज मी सांगतो म्हणून मोठा नव्हे. समोरच्या डोंगरावर आपटून तो परत आला, तिकडून आणखी एक म्हातारी सोबत घेऊन. शिवथरच्या घळीतली वटवाघळं उठली असं तिकडचे लोक सांगतात, आणि ते रामदासांच्या गावचे, खोटं कशाला बोलतील? डबे वाजले. खालच्या वाडीतून पलिते निघाले. मोरू अर्धी दाढी करून आला. हैबती घंटा घेऊन आला. महिपती आला धोतर खोचत, हातात काठी, सगळ्यांच्या मागून.

“कुठाय? कुठाय?”

“हितं.” भागूबाईनं नातीच्या खांद्यावर हात ठेवला. “हिच्या मोबाईलमधी हाय. बाप्यांनो, कान उघडे ठेवा. माज्या नातीचं तोंड चोरून कोनीतरी दुसऱ्या अंगाला लावलंय. त्याचा फोटो आज तुमच्या मोबाईलवर येनार हाय. तो खोटा हाय. तरी सांगते. आला की बघायचा नाय, फुडं धाडायचा नाय. जो बघंल, त्यानं वाघरू बघून लपवलं असं धरीन. त्याची तिरडी त्याची त्यानं उचलायची.”

वारा पलित्यांशी खेळत होता.

“पुसायचा पन नाय,” गौतमी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नसेल. “पोलिसांना दाखवायचा हाय.”

मग गर्दीतून नूतन पुढं आली. हैबतीची पुतणी, बाप वारलेला. ती म्हणाली, “काकी, मला पन आलंय. मी... मी बोललेय त्याच्याशी. भ्याले.” आणि तिच्या मागून खालच्या वाडीची सारिका. तिचा बाप बोटीवर असतो, वर्षातून एकदा येतो. ती नुसती येऊन दोघींच्या शेजारी उभी राहिली.

भागूबाईनं तिघींकडे बघितलं. मग बाप्यांकडे. “तिन्ही घरं बाप्याबिगर,” ती सावकाश म्हणाली. “वाडीत पोरी काय तीनच हायत? वाघरू असं निवडून येत नाय. ते वासावर येतं. वास कुनी दिला?”

“वहिनी, आता काळोख पडतोय...” महिपती म्हणाला.

“पंजा टेका. एकेक घर.”

एकेक जण पुढं येऊन पंजा टेकत गेला. “नाय पाह्यलं.” “नाय पाह्यलं.” मोरूनं दोन्ही पंजे टेकले. महिपतीची पाळी आली. तो दगडापाशी आला, हात पुढं केला, आणि नेमक्या त्याच ठिकाणी, उगवतीला तोंड करून, उभा राहिला.

त्याच्या बंडीत मोबाईल वाजला.

देवळाच्या पेटीत पोरींचे मोबाईल होते, पुढाऱ्याचा नव्हता. तो घाईनं बंद करायला गेला आणि हातातून सुटला. मोबाईल खडपावर उताणा पडला, उजळला. नाव लिहिलं होतं ‘गुरांचे डॉक्टर’. नावाच्या वर गुलाबाचं फूल, फुलावर निळं पाखरू.

गौतमीनं वाकून बघितलं. “आजे,” ती म्हणाली, “हा गुरांचा डॉक्टर मला पन फोन करतो.”

नूतन म्हणाली, “मला पन.”

मोबाईल वाजतच होता. महिपती खडपावर फतकल मारून बसला. शिमग्यात त्याला कोणा बाईचा मेसेज आला होता. तिनं काका म्हटलं, मग नाव घेतलं, मग व्हिडिओ कॉल केला, आणि महिपतीनं काय दाखवलं ते तो दगडाकडे बघून सांगत होता. नंतर बाई गेली आणि पाखरू आलं. “मी जास्त काय नाय केलं,” तो म्हणाला. “त्यानं नुस्तं विचारलं, कंच्या घरात बाप्या नाय. सांगितलंस तर तुला सोडतो म्हनाला. मी... मी नुस्तं सांगितलं.”

“मग सोडलं तुला?”

“नाय वहिनी.”

भागूबाई थुंकली नाही. तेवढी ओलसुद्धा तिनं त्याच्यावर खर्च केली नाही. वैशाखात पाण्याची टंचाई असते.

खाली उतरताना एकेकाच्या कनवटीला टुणूक वाजलं. फोटो आला होता. पाटीवर मेसेजांचा पाऊस पडावा तसा घराघरात आला. आणि मी सांगतो ते लिहून ठेवा: वाडीतल्या एकाही बाप्यानं तो बघितला नाही. आयुष्यभर जे चोरून शेजारणीच्या न्हाणीकडे बघत आले, ते डोळे मिटून, मोबाईल लांब धरून, सापाची शेपटी धरावी तसे भागूबाईच्या अंगणात आले आणि पाटीत टाकून गेले. एकानं डोळे मिटून चालताना गोठ्याच्या मेढीला कपाळ फोडून घेतलं. मोरूनं. रखमानं त्याला हळद लावली. मग ती माळ्यावर चढली आणि बूट खाली घेऊन आली. एका बुटात उंदरानं कापूस भरला होता. तो तिनं काढला, बूट पदरानं पुसले आणि उंबऱ्यावर ठेवले.

सकाळी पोलादपूरला निघायचं ठरलं. देवळाची पेटी उघडून पोरींचे मोबाईल पण पाटीत घातले. पाटी जड झाली.

“हाकारा देऊन माजी मान धरलीय,” भागूबाई म्हणाली. “भावजी, तुमी घ्या.”

आमच्याकडे बाप्या डोक्यावर पाटी घेत नाही. खांद्यावर ओझं घेईल, पाठीवर घेईल, डोक्यावर पाटी म्हणजे बाईचं काम. महिपतीनं इकडंतिकडं बघितलं. कोणी दुसरीकडं बघितलं नाही. त्यानं नवी टोपी काढली, चुंबळ ठेवली, पाटी घेतली.

घाटरस्त्याला लागताच रेंज आली आणि पाटीनं तोंड उघडलं. मुंबईकर जागे झाले होते. मोबाईल एकामागून एक वाजायला लागले. एकात आरती, एकात कोंबडा, एकात हिंदी गाणं, आणि मोरूच्यात अरबी काहीतरी, चाटल्यापासून ते तसंच आहे. महिपतीच्या डोक्यावर सगळी वाडी केकाटत होती आणि त्याला पाटी धरायला दोन्ही हात लागत होते, कान झाकायला एकही नव्हता. महाबळेश्वरला जाणाऱ्या मोटारी थांबून बघायच्या. मागून भागूबाई काठी टेकत. तिच्यामागं रखमा, नूतन, सारिका.

गौतमी पुढं पळत गेली होती. आम्ही स्टँडपाशी पोचलो तेव्हा ती ठाण्यात बसून तक्रार सांगून मोकळी झाली होती, घाम वाळलेला. हवालदारबाईंनी लिहून घेतलं होतं. दारात पाटी वाजत आली तशा त्या बाहेर आल्या.

“हे काय?”

“पुरावा,” गौतमी म्हणाली.

“आणि हे?” बाईंनी पाटीखालच्या माणसाकडे बोट केलं.

“तो पन,” भागूबाई म्हणाली.

पाखरू कुठल्या मुलखाचं होतं ते शोधायचं काम अजून चाललंय. ते परत आलं नाही, एवढं खरं. गौतमीनं एका रविवारी सहाणेवर बसून ज्याचं खातं त्याला वेगळं काढून दिलं. किल्ली ज्याची त्यानं ठेवायची, आणि ठेवताना ती स्वतः तोंड फिरवून बसायची.

अलिबागला निघायच्या सकाळी तिच्यासाठी हैबतीनं देवळात गाऱ्हाणं घातलं. महिपती खांबामागं. सुधीरनं मुंबईहून लाईव्ह करायला सांगितलं होतं. मोबाईल मोरूच्या हातात, आणि गौतमीचा पंजा त्याच्या कॅमेऱ्यावर.

“बा भैरी म्हाराजा! ही तुजी लेक धावायला चालली म्हाराजा! वाडीत आता ज्याचं खातं त्याला केलंय म्हाराजा! आणि त्याच्या चाव्या...”

हैबतीचं तोंड उघडं राहिलं. भागूबाईनं काठी नुसती दुसऱ्या हातात घेतली.

“...त्याच्या चाव्या तुला ठाऊकच हायत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वाडी ओरडली.

पंजा काढून गौतमी निघालीसुद्धा होती. देवाच्या पायऱ्यांवरून हिरवे तळवे खाली उतरताना दिसले, आणि मग घाटरस्ता.